एकवीस हजारांच्या आत

भाऊबीजेला तिसगावात आमच्या घरी दोन भाऊ येतात. मामा त्यांच्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आईकडे, आणि मी माझ्या धाकटीकडे. आई हल्ली धाकटीकडेच असते, त्यामुळे दोन्ही ओवाळण्या एकाच पाटावर उरकतात आणि मग हात वाळेपर्यंत वाद चालतो. मामा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. जिल्ह्यातल्या दोन-तीन तालुक्यांत फिरून शेवटची बरीच वर्षं संजय गांधी शाखेत काढली. धाकटी सेवा केंद्र चालवते. एकाने जन्मभर अर्ज तपासले, दुसरी दिवसभर अर्ज भरते. त्यामुळे दोघांचं पटत नाही हे ओघाने आलंच.

या वेळी, म्हणजे 2025 च्या दिवाळीत, निमित्त दारात चालून आलं. ऐन सणाला एक म्हातारा-म्हातारी, सोबत त्यांचा मुलगा. मुलगा आणि सून दोन दिवसांत ऊसतोडीला, कोयत्यावर, निघणार होते. मुकादमाची उचल घेऊन झाली होती आणि त्यातली निम्मी सप्टेंबरच्या अतिवृष्टीत गेलेल्या कपाशीच्या देण्यात फिटलीही होती. जायच्या आधी बापाचा श्रावणबाळचा अर्ज तेवढा करून द्या, मागं त्याला तालुक्याला न्यायला कुणी नाही, एवढंच त्याचं म्हणणं. धाकटीने पिशवीतले कागद काढले. आधारकार्डावर म्हाताऱ्याची जन्मतारीख 1 जानेवारी. आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म 1 जानेवारीचाच असतो. वय कसंबसं 65 च्या पुढे भरत होतं. उत्पन्नाचा दाखला मात्र नव्हता. त्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही, असं तिने सांगितलं, तर मुलगा म्हणाला, ‘किती लिहायचं ते तुम्हीच सांगा ना ताई.’

ते गेल्यावर सुरुवात झाली.

मामा : किती म्हणजे काय? वीस हजार लिही. तलाठ्याला ठाऊक आहे, नायब तहसीलदाराला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक आहे. गरिबाला हेलपाटा कशाला?

धाकटी : लिहायला माझं काय जातंय, मामा? पण खाली स्वयंघोषणापत्र असतं, माहिती खोटी निघाल्यास शिक्षेस पात्र राहीन म्हणून. त्यावर अंगठा म्हाताऱ्याचा. माझा नाही, आणि तुमच्या तलाठ्याचा तर नाहीच नाही.

मामा : आता तलाठी म्हणत नाहीत, ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.

धाकटी : पाटी बदलली. दाखला तोच.

ज्यांच्या घरातलं कुणी या रांगेत उभं राहिलेलं नाही, त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगतो. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेसाठी वय 65 पूर्ण हवं, किमान 15 वर्षं महाराष्ट्रात रहिवास हवा, आणि एकतर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं किंवा कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं. पासष्टीच्या अलीकडच्या विधवा, परित्यक्ता, अनाथ मुलं, कर्करोग-क्षय-कुष्ठाने कामाला मुकलेले, अंध, दिव्यांग हे सगळे संजय गांधी निराधार अनुदान योजनेत येतात. ती 1980 ची, अंतुल्यांच्या कारकिर्दीतली. उत्पन्नाची अट तीच, दिव्यांगांना तेवढी 50 हजारांची. महिन्याला आधी 600 रुपये मिळत, 2019 मध्ये 1000 झाले, जुलै 2023 पासून 1500. यादीतल्या म्हाताऱ्याच्या या 1500 मध्ये केंद्राचा वाटा 200 रुपयांचा असतो, बाकी राज्य भरतं. केंद्राचे ते 200 रुपये 2006 साली ठरले आणि तिथेच बसलेत. ऐंशी ओलांडली की मात्र 500 होतात. आणि ती यादी? ती 2002 च्या पाहणीवरची. त्यानंतर जो गरीब झाला त्याने उशीर केला, एवढंच म्हणायचं.

धाकटी : मामा, एक हिशेब करा. रोजगार हमीचा यंदाचा दर किती?

मामा : 312.

धाकटी : बरोबर. 21 हजारांना 312 ने भागा. अडुसष्टाव्या दिवशी माणूस हद्द ओलांडतो. कायद्याने 100 दिवसांची हमी दिली. म्हणजे सरकारने आपला शब्द पाळून एका घराला पुरे 100 दिवस काम दिलं, तर त्या घराला 31,200 मिळतात आणि त्याच सरकारच्या नियमाने त्या घरातला म्हातारा अपात्र. खडी फोडणाऱ्याचा बाप श्रीमंत!

मामा : तू फार कागदावर जातेस.

धाकटी : अजून ऐका. नवरा-बायको दोघंही श्रावणबाळला बसले. दोघांचे मिळून वर्षाचे झाले 36 हजार. म्हणजे मदत मिळाल्याच्या पहिल्याच वर्षी दोघं मदतीला अपात्र! हे कुणी धरत नाही म्हणून बरं. ही 21 हजारांची रेघ किमान 15 वर्षं तरी तिथेच आहे. तेव्हा शेंगदाणा काय भावाने होता आणि आज काय भावाने आहे?

मामांनी पानाला चुना लावून घेतला. त्यांची सवय आहे ती, उत्तर तयार असलं की आधी पान.

मामा : हिशेब मला शिकवू नकोस. त्या आकड्यात खरोखर कुणीच बसत नाही हे आम्हाला पहिल्या वर्षीच कळलं. मग आम्ही काय करायचो? घर बघायचो. तलाठी जायचा. पत्रा आहे की स्लॅब, दावणीला काय आहे, विहिरीला पाणी आहे का, घरात कर्तं कोण. कोतवालाला विचारायचो. गावाला बरोबर माहीत असतं कुणाच्या घरी रात्री चूल पेटत नाही. माणूस खरा गरजू निघाला की दाखल्यावर वीस हजार, नाहीतर साठ हजार. माणूस आधी, आकडा मागून. तू याला खोटेपणा म्हण. तो आकडा खोटा लिहायची मुभा होती म्हणून ही योजना चालली. सचोटीने चालवली असती तर जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांत मिळून एक गाव भरेल एवढीसुद्धा माणसं सापडली नसती.

इथपर्यंत मी मामांच्या बाजूने होतो, कबूल करायला हरकत नाही. सरकारी माणसाने नियमापेक्षा दारातली दावण बघावी, यात वाईट काय? पण धाकटीला रोजची माणसं दिसतात.

धाकटी : तुम्ही बघत होतात. तुमच्या खुर्चीत नंतर जो बसला तोही बघेल याची हमी कुणी घ्यायची? त्याची मर्जी असली तर वीस हजार, नसली तर साठ. मर्जी मिळवायला मधला माणूस लागतो. ज्याला मधला माणूस माहीत आहे तो मुळात तेवढा निराधार नसतो, मामा. खरा निराधार कोण? ज्याला केंद्र कुठे, शाखा कुठे, अर्ज मंजूर करणाऱ्या समितीचा अध्यक्ष कोण, यातलं काहीच ठाऊक नाही तो. आणि समिती कुणाची? अध्यक्ष पालकमंत्र्यांनी नेमलेला. मंजुरीच्या यादीवर सही झाली की गावात फलक लागतो, अमुक साहेबांच्या प्रयत्नाने इतक्या जणांना लाभ. कायद्याने जे त्याचं आहे ते घेताना म्हाताऱ्याला हार घेऊन उभं राहावं लागतं.

मामा : समित्या बरखास्त असतात तेव्हा तहसीलदार एकटा मंजूर करतो. तेव्हा फार भराभर कामं होतात असं म्हणायचंय का तुला?

धाकटी : नाही म्हणत. पण खरी भानगड पुढची आहे. पंचायतीची निवडणूक लागते. कुणीतरी निनावी अर्ज टाकतं, अमक्या बाईने खोटं उत्पन्न दाखवून पगार लाटला. चौकशी लागते. आणि अर्ज खरा निघतो! निघणारच, कारण सगळ्यांचेच दाखले तसे. हजार जणांनी तेच केलेलं असतं, पण ज्याच्यावर राग असतो त्याचं तेवढं उघडं पडतं. तुम्ही दया म्हणून लिहिलेला आकडा तिच्या मानेवर टांगलेला राहतो, मतदानाच्या दिवसापर्यंत.

मामा : ते होतं.

एवढं म्हणून ते थांबले. मामांच्या तोंडून ‘ते होतं’ निघणं म्हणजे साधी गोष्ट नाही. पण लगेच त्यांनी दुसरी फळी उभी केली, आणि ती पहिलीपेक्षा भक्कम होती.

मामा : बरं, काढून टाक अट. लाडक्या बहिणीचं काय झालं ते डोळ्यांदेखत बघितलंस ना? जुलै 2024 मध्ये योजना आली. उत्पन्नाची अट अडीच लाख, ती पण पिवळं-केशरी कार्ड असलं की दाखला नको. घरभेट नाही, पंच नाही, मोबाईलवर अर्ज. वर्षाला 46 हजार कोटींची गोष्ट. मग 2025 उजाडलं आणि मंत्रीच सांगायला लागल्या की 26 लाख अर्ज संशयास्पद. चौदा हजारांवर पुरुषांनी पैसे उचलले, पुरुषांनी! आता सगळ्यांना ई-केवायसी करा म्हणतात. आधी वाटायचं, मग हिसकावायचं. यापेक्षा आमचं घर बघणं बरं नव्हतं का? किसान सन्मानचंही तेच. आयकर भरणारे पैसे घेऊन मोकळे, वसुलीच्या नोटिसा काढत बसला तहसील.

धाकटी : म्हणजे चोऱ्या झाल्या म्हणून म्हातारीला अडीच लाखांची अट नको, 21 हजारांचीच बरी?

मामा : मी म्हणतो, दार सताड उघडलं की आधी कोण घुसतं? ज्याच्या पायात बळ आहे तो. रांगेत काठी टेकत येणारा मागेच राहतो. आणि पैसा काही पावसासारखा पडत नाही. लाभार्थी वाढले की हप्ता लांबतो. आमच्या म्हाताऱ्यांना तीन-तीन महिने पैसे नसायचे ते विसरलीस? डिसेंबर 2024 पासून थेट आधारच्या खात्यावर जायला लागलेत ते बरं झालं, पण तिजोरी तीच आहे ना.

धाकटी : तिजोरी तीच, पण बघा कुणासाठी केवढं दार आहे. चौसष्ट वर्षांची बाई, घरचं उत्पन्न सव्वा दोन लाख, तिला 1500. कायदेशीर. तीच बाई पासष्टची झाली की लाडकी बहीण योजनेतून बाहेर, कारण तिथे वयाची वरची हद्द 65. मग ती श्रावणबाळच्या दारात येते आणि तिथे तिला सांगतात, बाई, 21 हजारांच्या आत आणा. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी अडीच लाखांपर्यंत गरीब, दुसऱ्या दिवशी 21 हजारांच्या वर श्रीमंत. हे कुठल्या बुद्धीने ठरलं? म्हातारी झाल्यावर माणसाची गरज वाढते की कमी होते?

मामांकडे याला उत्तर नव्हतं, किंवा त्यांनी ते दिलं नाही. उत्तर द्यायचं तर मतांचा हिशेब काढावा लागतो आणि मामा निवृत्त झाले तरी त्या विषयावर अजून कारकुनासारखेच सावध आहेत. मला विचाराल तर, या सगळ्या वादातला हा एकच मुद्दा असा आहे की ज्याला दुसरी बाजू नाही.

मी मध्ये तोंड घातलं. अमेरिकेत म्हटलं 1974 पासून म्हातारे, अंध आणि अपंगांसाठी संघराज्याची मदत आहे, त्यावर काही राज्यं आपली भर घालतात, आपल्या 200 आणि 1300 सारखीच. तिथे अट उत्पन्नाची आहे आणि शिलकीचीही. एकट्या माणसाकडे 2,000 डॉलरच्या वर शिल्लक असता कामा नये, आणि हा आकडा 1989 पासून हललेला नाही.

मामा : म्हणजे तिथेही आमच्यासारखेच बसलेत.

धाकटी : आपल्याच देशातलं सांग की दादा. आंध्रात जुलै 2024 पासून म्हाताऱ्याला महिन्याला 4 हजार देतात, दिव्यांगाला 6 हजार. महिन्याच्या एक तारखेला कर्मचारी घरी येऊन देतो. आपल्याकडे म्हाताऱ्याने दरवर्षी हयातीचा दाखला घेऊन जायचं, मी अजून मेलो नाही म्हणून सांगायला.

दिव्यांगांचा विषय निघाला तेव्हा मामांना हुरूप आला, कारण तिथे मोजमाप असतं. 40 टक्के अपंगत्व म्हणजे 40 टक्के. डॉक्टर सही करतो, तलाठ्याचा अंदाज नाही. केंद्राच्या अपंग निवृत्तीवेतनाला 80 टक्के लागतात, राज्याला 40 पुरतात, हेही त्यांनी बोटावर सांगितलं.

मामा : आणि तिथेही काय झालं? 2024 मध्ये त्या प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणात आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयातून दिलेल्या प्रमाणपत्रांची दिल्लीपर्यंत चर्चा. लोकसेवा आयोगाने उमेदवारी रद्द केली. आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, आणि देशाला ते कळलं कशावरून? म्हणून म्हणतो, तपासणी लागते.

धाकटी : तपासणी लागते, पण ती कुणाची होते? वरच्यांचं उघडकीला आलं की खालच्यांची पुन्हा मोजणी. अकोले तालुक्यातल्या घाटघरच्या माणसाला नगर दीडशे किलोमीटरच्या पुढं. एसटीने निघाला तर मुक्काम पडतो. ज्याचे दोन्ही पाय जन्मापासून नाहीत त्याचे पाय मधल्या काळात उगवले का, हे बघायला त्याला परत बोलवायचं? आमच्या केंद्रात एक आंधळा गृहस्थ आला होता. बोटांचे ठसे घासून गेलेले, आयुष्यभर केरसुण्या वळल्या त्याने. मग डोळ्यांची बुबुळं लाव म्हणतं यंत्र. बुबुळं कुठली? मग चेहरा. चेहऱ्याला सांगतं, डोळे मिचकवा. मी त्याच्या पापण्या माझ्या बोटांनी खालीवर केल्या, मामा. दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा घेतला. योजना आंधळ्यांसाठी आणि परीक्षा डोळ्यांची!

त्यावर कुणी काही बोललं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी नेमका याच गोष्टीवर निकाल दिलाय, हे मी सांगितलं. ॲसिडहल्ल्यात भाजलेल्या स्त्रिया आणि एक अंध व्यक्ती गेले होते न्यायालयात. डोळे मिचकावल्याशिवाय केवायसी होत नाही म्हणून. डिजिटल सोयीपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि पर्यायी पद्धती ठेवायला सांगितलं. धाकटीने विचारलं, ‘तो पर्याय माझ्या स्क्रीनवर कधी दिसणार?’ मी काय सांगणार?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातली आणखी एक गोष्ट ती नेहमी सांगते. अशा योजनांत दिव्यांगाला इतरांपेक्षा निदान पंचवीस टक्के जास्त रक्कम द्यावी, असं कलम 24 सांगतं. 2023 मध्ये सगळ्यांना सरसकट 1500 केले तेव्हा हे कलम कुणाच्या लक्षात नव्हतं. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांचे हजार रुपये वाढवून 2500 केले, तेव्हा कुठे कायदा आणि पैसे एका ओळीत आले. मामा म्हणाले, उशिरा का होईना. धाकटी म्हणाली, मग उत्पन्नाची अट कधी? 2500 गुणिले बारा तीस हजार, आणि घरात दोन दिव्यांग असले तर साठ. पुन्हा पन्नासच्या वर.

मामा : बरं, तुझं म्हणणं तरी काय? किती ठेवायची अट?

धाकटी : वय. नुसतं वय. 70 च्या पुढे कुणाला काही विचारायचं नाही.

मामा : आणि बंगल्यातल्या आजोबांनाही द्यायचे?

धाकटी : एसटीत बसा तुम्ही उद्या. तुम्हाला 75 झाली की तिकीटच नाही, ऑगस्ट 2022 पासून. कंडक्टर विचारतो का, विहिरीला पाणी किती? आधारवरचं वय बघतो आणि पुढं जातो. आयुष्मानचं घ्या. 2024 च्या ऑक्टोबरपासून 70 च्या वरच्या कुणालाही पाच लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्न कितीही असो. दिल्लीलाही हे जमलं. रुपयांच्या वेळीच का जमत नाही?

मामा : कारण एसटी स्वतःच गाळते, बाई. बंगल्यातला आजोबा एसटीत चढतच नाही, त्याच्याकडे गाडी आहे. दवाखान्याचंही तेच, दुखलं तरच जातो माणूस. रोख रक्कम असं काही गाळत नाही. 1500 रुपये कुणाला नको असतात? तुझ्या सत्तरीच्या अटीत पहिला अर्ज साखर कारखान्याच्या संचालकाच्या बापाचा येईल, बघ. त्याच्या ड्रायव्हरने भरलेला.

धाकटी : येऊ द्या. दहा संचालकांचे बाप आले आणि त्यांच्यामुळे एका घाटघरच्या म्हातारीला दाखला काढावा लागला नाही, तर मला ते दहा परवडतात. तुम्हाला एक चोर आत आलेला दिसतो. मला शंभर बाहेर राहिलेले दिसतात.

खरं तर हा वाद पात्रतेचा कमी आणि भीतीचा जास्त आहे, असं मला तेव्हा वाटलं. मामांना नालायक माणूस आत येण्याची भीती, धाकटीला लायक माणूस बाहेर राहण्याची. ज्याने ज्या खिडकीतून बघितलं त्याला तेच दिसलं. दोन्ही चुका एकदम टाळता येत नाहीत. कुठली चूक जास्त सोसायची ते ठरवावं लागतं, आणि 21 हजारांची रेघ मारणाऱ्याने ते गुपचूप ठरवून टाकलंय.

मामा : आणि मुलांचं काय? 2007 चा कायदा आहे, आई-बापांना सांभाळायचा. प्रांताकडे अर्ज केला की मुलाकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत मिळवून देता येतात. लातूर जिल्हा परिषदेने तर आई-बापाला न बघणाऱ्या कर्मचाऱ्यांचा पगार कापायचं ठरवलं. आधी मुलाने बघावं, मुलगा नसेल तर सरकारने. आपल्यात तशीच रीत आहे.

धाकटी : सकाळी आलेल्या पोराने बापाला बघायचं कसं? सहा महिने तो उसाच्या फडात पालावर. त्याच्या दोन पोरांना हाच म्हातारा बघणार. आणि नियम काय करायला लावतो ठाऊक आहे ना? बापाचं रेशनकार्ड वेगळं काढायला लावतो. एका ताटात जेवणाऱ्यांनी कागदावर चुली वेगळ्या करायच्या. प्रांताकडे पोरावर अर्ज घेऊन गेलेली एक आई दाखवा मला पाथर्डी तालुक्यात.

मामा : उचल धरायची की नाही उत्पन्नात, हा प्रश्न आमच्या वेळीही यायचा.

धाकटी : मग काय करायचात?

मामा : उचल म्हणजे कर्ज. कर्ज उत्पन्नात येत नाही, असं लिहायचो. वरून कधी आक्षेप आला नाही.

हे मात्र धाकटीलाही आवडलं. तिने वहीत टिपून घेतलं.

इतका वेळ आई फराळाची ताटं आवरत होती. ती कधी मध्ये बोलत नाही. पण लाडक्या बहिणीचं निघालं तेव्हापासून तिचा हात सावकाश चालत होता.

आई : मला पासष्ट कधी लागतं गं?

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मामांनीही पाहिलं. आईचे लाडक्या बहिणीचे पैसे येतात. त्या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. वडील नाहीत, आमची दोघांची लग्नं झालीत, म्हणून तिथे आईचं कुटुंब म्हणजे आई एकटी. पुण्यात नोकरी करणारा मुलगा त्यात धरत नाहीत. श्रावणबाळच्या चौकशीत मात्र पहिला प्रश्न येईल, मुलगा काय करतो?

धाकटी : येत्या उन्हाळ्यात, आई.

आई : आन् मंग बंद?

मामा : अगं, तुला काय कमी आहे? हा पाठवतो की पुण्याहून.

आई : पाठवतो. मी न्हाई म्हणत न्हाई. पण त्याच्या पैशातून मी देवाला नारळ घेतला तर मला वाटतं त्याला सांगावं. ह्या पंधराशेतून घेतला तर कुणाला सांगावं लागत न्हाई.

मामा जरा वेळ थांबले, मग त्यांच्या शाखेतल्या आवाजात म्हणाले, ‘हे बघ ताई, सोपं आहे. तुझं रेशनकार्ड आताच वेगळं काढ. जमीन मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाक. मग तलाठ्याचा अहवाल वीस हजारांचा येतो. मी बोलतो कुणाशी तरी.’

धाकटी : माझ्या केंद्रातून तो अर्ज जाणार नाही. आईचा असला तरी.

मामा : मग एवढा वेळ काय भांडत होतीस तिच्यासाठी?

धाकटी : अट बदला म्हणून भांडत होते. अट चुकवा म्हणून नाही.

आईने ताटं उचलली. मोरीकडे जाता जाता म्हणाली, ‘तू नको भरू. करंजीच्या फाट्यावर दुसरं केंद्र हाय, तिथून भरीन.’